शाळेतले जुने सीआरटी मॉनिटर आणि यूपीएस कुठे द्यावेत? मदत हवी आहे

सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेच्या संगणक कक्षात १४ सीआरटी (जुने, काचेच्या मोठ्या नळीचे) मॉनिटर, ६ जुने एलसीडी, १० सीपीयू आणि ४ यूपीएस पडून आहेत. भंगारवाला सीपीयूला चांगला भाव देतोय, मॉनिटर मात्र "नळी फोडून ठेवा, मग नेतो" म्हणतो. फोडावेत का? रीतसर कुठे द्यायचे?

करवंद : नळी अजिबात फोडू नका. भंगारवाल्याला नळीच्या मानेवरच्या (मागच्या अरुंद टोकावरच्या) योक कॉइलचं, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचं, तांबं हवंय, काच तुमच्याच आवारात राहील. मागच्या शंकूच्या काचेत वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं, आणि पडद्याच्या आतला फॉस्फरचा (उजेड देणाऱ्या रसायनाचा) थर फुटला की भुकटी होऊन उडतो. आत निर्वात असल्याने काच आधी आत ओढली जाते आणि मग तुकडे चौफेर उडतात. मागचं कव्हरही उघडू नका. रंगीत नळीच्या ॲनोडवर (उच्च व्होल्टेजच्या टोकावर) २०-२५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही भार शिल्लक राहू शकतो.

सगळा माल एकाच लॉटमध्ये द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. सीपीयूतल्या मदरबोर्डला किंमत आहे, सीआरटीच्या काचेला जवळजवळ नाही. सीपीयू आधी विकलेत तर उरलेले मॉनिटर न्यायला कोणी येणार नाही, आलाच तर वाहतुकीचे पैसे मागेल.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर सापडतील. फोनवर थेट विचारा: सीआरटी घेता का, काच पुढे कुठे जाते, वजनासह पावती मिळेल का? गोळमोल उत्तर आलं तर दुसरा बघा.

सोल्डरगन : गाडीत सीआरटी पडदा खाली करून जाड पुठ्ठ्यावर ठेवा. वजन पुढच्या काचेत असतं, त्यामुळे तसा तो स्थिर बसतो आणि नाजूक मान वर राहते. वर दुसरं काही रचू नका. एलसीडी उभे, पडद्याला पडदा लावून, मध्ये पुठ्ठा घालून. जुन्या एलसीडीत पडद्यामागे पेन्सिलीपेक्षाही बारीक सीसीएफएल (छोट्या ट्यूबलाइटसारख्या) नळ्या असतात, त्यांत थोडा पारा असतो. एलईडी बॅकलाइटमध्ये तो नसतो.

यूपीएसमधली शिसे-आम्लाची बॅटरी काढून दोन्ही टर्मिनलना टेप लावा. तिला बॅटरीचे वेगळे नियम आहेत. बॅटरी विक्रेत्याकडे परत घेतात का विचारा.

करवंद : सीपीयूतल्या हार्ड डिस्क आधी काढा. विद्यार्थ्यांचे दाखले, आधारच्या प्रती असतील, आणि क्विक फॉरमॅटने डेटा पुसला जात नाही. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहा. चालूच होत नसेल तर आतल्या चकतीला ड्रिलने आरपार भोकं पाडा, डोळ्यांना गॉगल लावून. आणि माल हलवण्यापूर्वी डेडस्टॉक रजिस्टरमधल्या (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीतल्या) निर्लेखनाला, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करायला, मंजुरी घ्या, नाहीतर ऑडिटला अडकाल.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एक नळी आधीच फुटली आहे, तिचं काय करू?

सोल्डरगन : खोलीत मुलांना जाऊ देऊ नका, खिडक्या उघडा. कोरडा झाडू किंवा साधा व्हॅक्यूम क्लीनर वापरलात तर भुकटी हवेत पसरेल. एन९५ मास्क आणि जाड हातमोजे घालून मोठे तुकडे उचला, उरलेलं ओल्या फडक्याने टिपा. काच आणि फडकी दुहेरी पिशवीत बांधून खोक्यात ठेवा, वर "फुटकी सीआरटी काच" लिहा आणि लॉटसोबतच द्या. रिसायकलरला आधी सांगून ठेवा, काहीजण फुटका माल परत पाठवतात.