'स्लम हाउसहोल्ड' म्हणजे झोपडपट्टीतलं कुटुंब?

विकसनशील देशांतल्या शहरांवरचा एक अहवाल मराठीत आणतेय. 'स्लम'ला सवयीने 'झोपडपट्टी' लिहीत गेले आणि एका परिच्छेदाशी अडले. चार मजली विटांच्या इमारतीत राहणाऱ्यांना तिथे 'स्लम हाउसहोल्ड' म्हटलंय. झोपडी नाही की पट्टी नाही. काय लिहावं?

—

मूळ लेखकाचं चुकलेलं नाही. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या शहरं आणि घरांविषयीच्या संस्थेच्या व्याख्येत पाच गोष्टी पाहतात: पिण्याजोगं पाणी, शौचालय, टिकाऊ बांधकाम, पुरेशी जागा (एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत) आणि कोणी हुसकावणार नाही याची शाश्वती. यातलं एक जरी नसलं, तरी ते घर 'स्लम'च्या मोजणीत येतं. म्हणजे भिंती पक्क्या असून खोलीत पाच जण झोपत असतील तरी 'स्लम', आणि शेजारचं घर मात्र नाही. आपला 'झोपडपट्टी' शब्द जागेला चिकटलेला आहे, ही मोजणी कुटुंबाची आहे. 'निवारावंचित कुटुंब' चालेल का?

—

निवारावंचित म्हणजे मला तरी बेघर वाटतं. इथे घर आहे, अपुरं आहे. आणि 'गलिच्छ वस्ती' हा जुना सरकारी शब्द कृपा करून कोणी सुचवू नका. कचरा उचलायला गाडी येत नाही आणि गलिच्छ ठरते वस्ती!

इतर भाषांत हे शब्द कुठून आले ते बघा. तुर्कीत 'गेजेकोंदू', म्हणजे रातोरात उभं केलेलं. फ्रेंचमध्ये 'बिदोंव्हिल', पत्र्याच्या डब्यांचं गाव. ब्राझीलच्या जनगणना खात्याने बरीच वर्षं एक जडजंबाल शब्द वापरला, 'सबनॉर्मल' समूह अशा अर्थाचा. २०२४ मध्ये तो टाकून ते 'फावेला आणि शहरी समुदाय'वर आले. लोकांच्या तोंडचाच शब्द परत घेतला. मी साधं 'अपुऱ्या घरातलं कुटुंब' लिहीन आणि पहिल्या वेळी पाच निकष देईन.

—

पाचव्या निकषाला 'मालकी' लिहू नका, ही चूक मी स्वतः केली आहे. मूळ शब्द 'टेन्युअर'. भाडेकरूकडे मालकी नसते, तरी त्याला हुसकावता येत नसेल तर निकष पुरा होतो. आपल्याकडे 'भोगवटा' हा चांगला वापरातला शब्द आहे. 'भोगवट्याची शाश्वती' म्हणा. हे मोजणं अवघड असल्यामुळे कित्येक आकडेवारींत उरलेले चारच निकष धरतात. अहवालात पाच म्हणून तक्त्यात चारच दिसले तर दचकू नका.

—

आणखी एक. 'बेसिक सर्व्हिसेस' आणि 'इन्फ्रास्ट्रक्चर' दोन्हींना 'पायाभूत सुविधा' लिहिलंय का? तिथे अर्थ बुडतो. नळ ही सुविधा, नळाला पाणी येणं ही सेवा. मी एक पाहणी-फॉर्म तपासला होता. रकाना होता 'घरात नळ आहे का?' बाईंनी सांगितलं, 'आहे', आणि खूण झाली. शेजारी पिंप भरून ठेवलेलं होतं. पाणी किती दिवसांनी येतं याला रकानाच नव्हता.

शिवाय 'पायाभूत' म्हटलं की सगळं सरकार घालतं असं वाटतं. कराचीच्या ओरंगी या गरीब वस्तीत १९८० पासून समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांच्या प्रकल्पात गल्लीतली गटारं लोकांनी आपल्या पैशांनी टाकली, मोठा नाला तेवढा सरकारकडे ठेवला. अशा ठिकाणी 'गल्लीतली वाहिनी' आणि 'मुख्य वाहिनी' असं सरळ लिहावं.

—

'सुविधा' आणि 'सेवा' वेगळं करते. भोगवटाही घेतला. शेवटचा अडलेला शब्द: 'अपग्रेडिंग'. 'पुनर्विकास' लिहून टाकू?

—

अजिबात नको. पुनर्विकास म्हटलं की वाचकाला पाडापाडी आणि इमारत दिसते. अपग्रेडिंगमध्ये घरं शक्यतो हलवत नाहीत. जकार्तात १९६९ पासून 'काम्पुंग' (शहरातल्या दाट, गरीब वस्त्या) सुधारणेत पायवाटा, गटारं, पाणी आणलं; घरांचं ज्याचं त्याने पाहिलं. 'जागच्या जागी सुधारणा' लिहा.