शब्दचर्चा: 'फॅनफिक'ला मराठीत काय म्हणावं?

निळीशाई

माझी भाची नववीत आहे. गेले काही महिने ती मोबाइलवर सारखं काहीतरी टाइप करत असते. परवा विचारलं तर म्हणाली, "फॅनफिक लिहितेय, मावशी." एका कोरियन मालिकेत नायिकेची मैत्रीण मध्येच शहर सोडून जाते आणि शेवटपर्यंत तिचा पत्ता नसतो. तिचं पुढे काय झालं ते मालिकेने सांगितलं नाही, म्हणून हिने सांगायला घेतलंय. सत्तावीस प्रकरणं झाली आहेत!

माझ्या आईने विचारलं, "म्हणजे काय गं?" भाची म्हणाली, "दुसऱ्याच्या गोष्टीतली माणसं घ्यायची आणि आपली गोष्ट लिहायची." आई म्हणाली, "म्हणजे चोरी?" पोरगी जेवणावरून उठून गेली.

शब्द सुचवा. मला 'चाहतेकथा' सुचला होता, पण त्यातून चाहत्याने लिहिलेली कथा की चाहत्यांविषयीची, ते कळत नाही. जोडीला दुसरा प्रश्न. तिची एक मैत्रीण सगळी पात्रं स्वतःची घेऊन लिहिते. त्याला त्या 'ओरिजिनल' म्हणतात. मराठीत 'मौलिक कथा' चालेल का?

बोरूबहाद्दर

दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेतो. मौलिक नको. हिंदीत मौलिक म्हणजे मूळचं, स्वतःचं. मराठीत मौलिक म्हणजे मोलाचं. 'अध्यक्षांनी मौलिक विचार मांडले' असं बातमीत येतं तेव्हा ते विचार अध्यक्षांचे स्वतःचे होते असा दावा बातमीदारही करत नाही.

आपल्याकडे यासाठी 'स्वतंत्र' हा रुळलेला शब्द आहे. स्वतंत्र नाटक, स्वतंत्र कादंबरी. त्याच्या शेजारी अनुवादित, रूपांतरित, आधारित. मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास या तीन शब्दांतच बसतो. पण फॅनफिकला रूपांतर म्हणू नका. देवलांनी ऑथेल्लोचा झुंजारराव केला, तेव्हा गोष्ट तीच राहिली आणि माणसं बदलली. तुमची भाची उलटं करतेय. माणसं तीच, गोष्ट वेगळी.

तिरपागडं

पंखाकथा! इथे पूर्वी कोणाचं लिखाण आवडलं की बायाबापड्या 'मी तुमची पंखा झाले' म्हणायच्या. तोच पंखा लावा.

जुनंखोड

नवा शब्द पाडायची गरज काय? आपल्याकडे आहे की: प्रक्षिप्त. क्षिप् म्हणजे फेकणे, टाकणे. मूळ ग्रंथात मागाहून कोणीतरी टाकलेला मजकूर तो प्रक्षिप्त. क्षेपक असंही म्हणतात. पुण्यात भांडारकर संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते पुरं व्हायला 1966 उजाडलं. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ ताडून पाहायचे आणि मागाहून आलेलं वाटेल ते तळटिपांत नाहीतर परिशिष्टात काढायचं, असं ते काम. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय हे चित्र आपल्या डोक्यात किती पक्कं आहे! ते त्या आवृत्तीत मुख्य संहितेबाहेर गेलं. म्हणजे महाभारत कसं लिहिलं गेलं याचीच गोष्ट कुणा चाहत्याने घातलेली.

आणि असली भर घालू नका असं बजावणाराही आपल्याकडे होऊन गेला. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, 1584 साली, आणि शेवटी लिहून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. अमृताच्या ताटात करवंटी!

निळीशाई

ओवी फार आवडली, घरी मात्र वाचून दाखवणार नाही. आधीच एक रुसवा झालाय.

पण 'प्रक्षिप्त'मध्ये लबाडीचा वास आहे हो. तिथे लिहिणारा स्वतःला लपवतो. ओवी माझी, पण खपवायची ज्ञानदेवांच्या नावावर. 'तुका म्हणे' लावून लोकांनी काय काय खपवलंय! ही मुलं नेमकं उलटं करतात. प्रकरणाच्या वरच लिहिलेलं असतं, 'पात्रं माझी नाहीत, गोष्ट माझी आहे.' हे वाचल्यावर आई जरा निवळली. चोर कधी पाटी लावून चोरी करतो का, एवढं तिला पटलं.

बोरूबहाद्दर

मुद्दा मान्य. आणि नाथांचीही गंमत बघा. त्यांचं भावार्थ रामायण युद्धकांडातच अपुरं राहिलं. ते पुरं केलं त्यांच्या शिष्याने, गावबाने. पुरणपोळीच्या हट्टापायी आईने ज्याला नाथांच्या घरी आणून सोडला, असं सांगतात, तो हा गावबा. करवंटीची ओवी लिहिणाऱ्या माणसाचा ग्रंथ शेवटी त्याच्या पंख्यानेच संपवला. आता गावबाचं लिखाण प्रक्षिप्त का? कोणी म्हणत नाही. तिथे शब्द आहे 'पूर्ती'. अपुरं राहिलेलं पुरं करणं.

पाटावरवंटा

तुम्ही सगळे पोथ्यांतच अडकलात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसली की सीतेचा वनवास गायची. त्यातली एक ओवी पुष्कळांनी ऐकली असेल:

राम म्हनू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकनी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

पहाटे चारला, जोंधळे भरडताना, देवाला हलक्या दिलाचा म्हणायचं! पुन्हा ही बाई रोज देवळात जाऊन त्याच रामाला हात जोडायची. आजीला मी एकदा विचारलं होतं, असं कसं म्हणतेस गं. ती म्हणाली, "सीता माझी हाय ना." एवढंच. वनवासात तिची वेणी कोणी घातली, बाळंतपण कोणी केलं, ते पोथीतून नीट सांगत नाहीत, मग बायका सांगतात. भाचीची ती शहर सोडून गेलेली मैत्रीण आणि आजीची सीता यांत मला तरी फरक दिसत नाही. लोक का लिहितात ते मला इथेच कळतं. मूळ सांगणाऱ्याने आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं की चुटपुट लागते, आणि ती काही केल्या जात नाही.

शब्दाचं म्हणाल तर माझं मत 'उष्टी गोष्ट'. हसू नका. व्यासोच्छिष्ट हा शब्द ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे, तिन्ही जग व्यासांचं उष्टं आहे म्हणून. तिथे उष्टं ही शिवी नाही, कौतुक आहे. आणि शबरीची उष्टी बोरं तर वाल्मीकींच्या रामायणात नाहीतच. तिथे ती रानातली फळंमुळं रामासाठी गोळा करून ठेवते. बोर आधी चाखून, गोड लागलं तरच पुढे करायचं, हे मागच्या कोणा प्रेमळ माणसाने घातलंय.

तिरपागडं

'माझी उष्टी गोष्ट वाचा' असं नववीतली मुलगी कुठे लिहील असं वाटतं का तुम्हाला? पण बोरांचं माहीत नव्हतं. लक्ष्मणरेषाही वाल्मीकींची नाही असं ऐकलं होतं.

जुनंखोड

नाहीच. आणखी एक सांगतो. फॅनफिकवाल्या मुलांत 'ओसी' नावाची भानगड असते, नातवाने सांगितलं. दुसऱ्याच्या गोष्टीत आपलं नवं पात्र घुसवायचं. आपला पेंद्या हा ओसीच की! लंगडा, बोबडा, कृष्णाच्या शिदोरीत हक्काने हात घालणारा. संस्कृत भागवतात हा पेंद्या शोधून सापडायचा नाही, तो मराठी गवळणींतला गडी. तमाशाच्या गवळणीतली मावशीही तशीच. मथुरेच्या बाजारला निघालेल्या गवळणींबरोबर ही खास मऱ्हाटी बाई कुठून आली? आपल्याला त्या गोष्टीत शिरायचं होतं, म्हणून आपल्यातलं एक माणूस पुढे धाडलं.

आणि मोरोपंत! 108 रामायणं. बारामतीत बसून. त्यातलं निरोष्ठ रामायण असं, की ओठ मिटावे लागतील असं अक्षरच वापरायचं नाही. प, फ, ब, भ, म बाद. आता 'राम' या नावातच म. म्हणजे रामायण सांगायचं आणि रामाचं नाव घ्यायचं नाही. एखाद्याला एकच गोष्ट 108 वेळा सांगावीशी वाटते ती गोष्टीसाठी नाही, सांगण्याच्या चटकेसाठी. चुटपुट हे एकच कारण नसतं, पाटावरवंटाताई.

निळीशाई

चटक हा शब्द भाचीला बरोब्बर लागू पडतो.

कोरापान

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी दोन्ही केलंय म्हणून राहवलं नाही. सहावीत असताना फास्टर फेणेची गोष्ट लिहिली होती, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. फुरसुंगीचा बनेश आमच्या गावच्या जत्रेत येतो, आणि पाळणेवाल्याचा गल्ला चोरणाऱ्याला पकडतो. दर दुसऱ्या वाक्याला 'ट्टॉक्'. त्यात बनेशला वाट दाखवणारा एक हुशार मुलगा होता. तो कोण हे सांगायला नकोच.

आता मी स्वतंत्र कथा लिहितो. फरक काय, ते सांगतो. फेणेची गोष्ट लिहिताना मला तो कसा दिसतो, कसा बोलतो यातलं काहीच सांगावं लागलं नाही. वाचणाऱ्या मित्राला तो आधीच ठाऊक होता. बांधलेल्या घरात राहायला गेल्यासारखं. फक्त कोणत्या खोलीत काय घडतं एवढंच बघायचं. स्वतंत्र कथेत पाया खणण्यापासून तयारी. पहिल्या कथेत माझं पात्र तीन पानं नुसतं चहा पीत होतं, कारण त्याला दुसरं काय करायला लावावं हे मला कळेना. तरी मी तिकडे वळलो, कारण बनेशला मी काही होऊ देऊ शकत नव्हतो. त्याला हरवायचं, रडवायचं, मारायचं माझ्या जिवावर यायचं. तो त्याच्या लेखकाचा, भा. रा. भागवतांचा होता. स्वतःच्या माणसाला मात्र खुशाल बुडवता येतं. कॉनन डॉयलनेच नाही का 1893 मध्ये होम्सला धबधब्यावर संपवला! वाचकांनी जीव खाल्ला, आणि दहा वर्षांनी तो वाचला होता असं त्याला लिहावं लागलं. होम्स तोवर त्याचा एकट्याचा राहिला नव्हता.

म्हणून 'स्वतंत्र' हा शब्द मला फार आवडतो. त्यात 'दुसऱ्याचं घेतलेलं नाही' एवढाच अर्थ नाही, 'कोणाला विचारायचं नाही' हाही आहे.

बोरूबहाद्दर

वा. तीन पानं चहा मीही पाजलाय.

मूळ शब्दाकडे येतो, नाहीतर धागा गवळणींबरोबर मथुरेला जाईल. 'चाहतेकथा' व्याकरणात बसतो. घोडा, पण घोडेस्वार. आंबा, पण आंबेहळद. तसंच चाहता, चाहतेकथा. अर्थाची शंका मला मोठी वाटत नाही. 'लोककथा' ही लोकांनी सांगितलेली कथा असते, लोकांविषयीची नव्हे, आणि तिथे कोणी अडखळत नाही. 'बोधकथा'मध्ये कथा बोधाने लिहिलेली नसते, तेही चालतं. समासाला वापर अर्थ देतो. अडचण वेगळी आहे. 'चाहते' शब्द मराठीत नटनट्यांच्या बातमीत राहायला गेलाय. 'चाहत्यांची विमानतळावर गर्दी.' पुस्तकाचा असतो तो वाचक, गाण्याचा असतो तो रसिक. रसिककथा म्हटलं तर थेट दिवाळी अंकाचं नाव वाटतं.

पाटावरवंटा

मग मुलं जे म्हणतात तेच राहू द्या की. फॅनफिक. लिंग तेवढं ठरवा. ती फॅनफिक का ते फॅनफिक?

निळीशाई

हे विचारलं तिला. 'ती.' लगेच, विचार न करता. "माझी फॅनफिक." का, तर गोष्ट ती असते म्हणून. अनेकवचन विचारलं तर म्हणाली, "एक फॅनफिक, दोन फॅनफिक. मावशी, तू फार प्रश्न विचारतेस."

चाहतेकथा, पंखाकथा, पूर्ती, प्रक्षिप्त, सगळे शब्द वाचून दाखवले (उष्टी सोडून). पंखाकथेला हसली. पूर्ती तिला एखाद्या मुलीचं नाव वाटलं. पेंद्याची गोष्ट मात्र दोनदा सांगायला लावली.

लिंक कोणी मागू नका, घरच्यांना वाचायची बंदी आहे. टोपणनावही सांगितलेलं नाही. आईला तेवढी सूट आहे, कारण तिला मोबाइलवर वाचता येत नाही. रात्री अंथरुणं घातली की भाची तिला एक प्रकरण तोंडी सांगते. आईने मालिका पाहिलेली नाही. त्यामुळे ती दर पाच मिनिटांनी थांबवते आणि विचारते, "हे मूळचं का तुझं?"