बाल्कनीत गुळवेल आणि किराईत लावायचंय, पण रोज प्यावं का?

ठाणेकर_सून:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. सासूबाईंना बाल्कनीत गुळवेल आणि किराईत दोन्ही लावायचंय. गुळवेलीचा तुकडा नर्सरीतून आणलाय, किराईत मात्र कुठेच मिळेना, नर्सरीवाला म्हणतो काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणा आणि त्यातलंच बी झटकून पेरा. बाल्कनी पूर्वेला, सकाळचं ३-४ तास ऊन. आणि खरा प्रश्न हा की त्या म्हणतायत सगळ्यांनी रोज अनशापोटी काढा घ्यायचा, बारा महिने. मिस्टरांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. सासरे म्हणतात घरचं झाड आहे, त्याने काय होतंय. तुमच्यात कोणी नियमित घेतं का?

देवगडचो:
काडेचिराईत पेरायच्या भानगडीत पडू नका हो, ते हिमालयातलं, १२०० ते ३००० मीटर उंचीवर येणारं, ठाण्याच्या घामट हवेत काय जगतंय. आमच्या कोकणात परसात येतं ते किराईत वेगळं, त्यालाच कालमेघ म्हणतात. मिरचीच्या रोपासारखं दिसतं, पण दांडा चौकोनी, बोटांत फिरवला की कळतो, आणि फुलं बारीक पांढरी, त्यावर जांभळे ठिपके. बी अगदी बारीक, मे अखेर किंवा जूनमध्ये नुसतं मातीवर भुरभुरायचं, खोल पुरलंत तर येणार नाही. तीन-चार तास ऊन पुरतं. फुलोरा यायला लागला की कापायचं, तेव्हा कडूपणा सगळ्यात जास्त, मग सावलीत वाळवून ठेवायचं. एकदोन झाडं मात्र तशीच सोडा, शेंगा तडकून बी आपोआप उडतं आणि पुढच्या पावसात शेजारच्या कुंडीतसुद्धा किराईत 😄
आमच्याकडे पावसाळ्यात पोरांना धरून पाजायचे, दार लावून. पण ते ताप येऊन गेल्यावर किंवा पोट बिघडल्यावर, तेही दोनचार दिवस. बारा महिने पिणारा माणूस मी तरी बघितला नाही.

गच्चीवरची_शेती:
गुळवेल लावणं म्हणजे काहीच नाही. बोटाएवढ्या जाड काडीचे दोन डोळे (जिथून पान फुटतं त्या गाठी) मातीत, दोन वर, आणि काडी उलटी खोचू नका एवढंच. ग्रिलवर चढेल, वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडेल, ती कापायची नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडतात तेव्हा लोक मेली म्हणून उपटून टाकतात, तसं करू नका, फुटते परत. वापरायचं ते खोड, आणि ते अंगठ्याएवढं जाड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी काढ्याचं नाव काढू नका.

कडूवैद्य:
इथे सगळे लावायचं सांगतायत, मी ओळखायचं सांगतो, कारण नर्सरीतला तुकडा कुठून आला ते नर्सरीवाल्यालाही माहीत नसतं. गुळवेलीची भावंडं आहेत. एकीच्या पानामागे मऊ लव असते. दुसरीचं खोड राखाडी आणि गाठीगाठीचं, कापलं की दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला असा चीक नसतो. आता जुन्या गुळवेलीच्या सालीवरही बारीक फोड असतातच, म्हणून नुसत्या फोडांवर जाऊ नका, कापून बघा. चव बघून तर अजिबात ठरवू नका, कडू सगळ्याच असतात.
२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या ६ पेशंटांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, दुसऱ्या जातीशी गल्लत होते. वाद चालू राहील, पण दोन्ही बाजू ऐकून माझं मत असं की निरोगी माणसाने रोज प्यायचं कारणच नाही. मिस्टरांचं म्हणाल तर गुळवेल आणि किराईत दोन्हीने साखर उतरू शकते, वर गोळी आहेच, म्हणजे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. गरोदर बाई, संधिवात किंवा थायरॉईडचा ऑटोइम्यून प्रकार (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) असलेले, रक्त पातळ व्हायची गोळी घेणारे, या सगळ्यांनीही लांब राहा. आणि कोणाचे डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अन्नावरची वासना गेली तर काढा तिथल्या तिथे बंद आणि लिव्हरची टेस्ट.

ठाणेकर_सून:
बापरे. आत्ता टोक कापून बघितलं, पांढरट चिकट येतंय. खोडही राखाडीच आहे. सासूबाई म्हणतात पान बदामाच्या आकाराचं आहे म्हणजे गुळवेलच.

कडूवैद्य:
पान तिन्हींचं तसंच असतं. फोटो बघून मी छातीठोक सांगणार नाही, पण चीक आलाय तर हा वेल पोटात घ्यायचा नाही, शोभेचा म्हणूनही नको, उद्या घरातलं कोणीतरी तोडून उकळेल. जवळच्या आयुर्वेद कॉलेजमध्ये द्रव्यगुण विभाग (औषधी वनस्पतींचा) असतो, तिथे पानाफुलासकट फांदी दाखवा आणि ओळखीची काडीही तिथल्याच बागेतून मागा.

गच्चीवरची_शेती:
आणि काढून टाकाल तेव्हा कुंडीच्या मातीत किंवा खाली सोसायटीच्या बागेत तुकडे टाकू नका, पडेल तिथे रुजतं ते. उन्हात कडकडीत वाळवा मग कचऱ्यात.

ठाणेकर_सून:
ओके, उपटते. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला, रोजचा काढा कॅन्सल झालाय, पण किराईत पाहिजेच म्हणतायत, तापापुरतं. बी कोणाकडे आहे का?

देवगडचो:
आमच्याकडच्या शेंगा अजून हिरव्या आहेत. तपकिरी झाल्या की तडकायच्या आधी काढून कागदात बांधून ठेवतो, मेच्या आत मेसेज करा. मिस्टरांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापातही देऊ नका.