खा-खा सुटायची तेव्हा प्रार्थनेनं काय केलं? अनुभव लिहा

कॅम्पातली
आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलमधून मिस्सा (चर्चमधली उपासना) करून आले, कपाळावरची राख अजून तशीच होती आणि शेजारच्या काकू कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन दारात. मुलीचं लग्न ठरलं म्हणून. डबा टेबलावर ठेवला आणि कामाला लागले. दिवे लावताना बघितलं तर दोरासुद्धा सुटलेला नाही! पूर्वी आमच्या घरात कुंदा रात्र बघत नसे. त्यावरून सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

भूक वेगळी आणि खा-खा वेगळी, हे ज्याला सुटते त्यालाच कळतं. सासूबाई गेल्या त्या वर्षी मला लागली. सगळे झोपले की खारी, टोस्ट, डब्यातला गूळ, काहीही. बेकरीची रिकामी पिशवी घडी करून ब्लाऊजच्या कप्प्यात लपवायची. ह्यांना पत्ता नाही, साखर वाढली कशी म्हणून डॉक्टर विचारायचे तर मी गप्प.

शेवटी कन्फेशनमध्ये, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली देतात तिथे, बोलले. मला वाटलं फादर मोठं प्रवचन देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून कुणाला सांगितलंयस?" नव्हतं सांगितलं. मग आमच्या चर्चमधल्या एका सिस्टरला सांगितलं. ठरलं असं: रात्री कपाट उघडायचं मन झालं की आधी रोजरीचे (आमच्या जपमाळेचे) दहा मणी म्हणायचे आणि त्यांना मेसेज टाकायचा. देवानं माझी भूक काढून घेतली असं काही झालं नाही हं. पण दहा मणी होईपर्यंत हात कपाटावरून खाली यायचा. कधी यायचाही नाही. खाल्लं तर तेही सिस्टरना कळवायचं, हा नियम.

तुमचं लिहा. कुठल्याही चर्चचे असा.

खानापूरचा_पोरगा
आक्का भारी लिवलंय. पण एक शंका, रविवार उपवासात धरत नाहीत ना? राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस होतात, सहा रविवार वजा केले की ४०. आमच्या घरात ह्या हिशेबाचा पुरता फायदा घेतात. सोमवार ते शनिवार साधू, रविवारी सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं कालवण) आणि सान्ना (तांदळाच्या इडल्या). आठवड्याचं सगळं वसूल.

वडगावचा_अण्णा
मी ख्रिश्चन नाही, लिवलं तर चालतंय न्हवं? आमच्याकडं म्हणतात, एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, वरी, शेंगदाण्याचे लाडू. उपास म्हंजे खायाचं निमित्त 😄

आमचं मागाचं काम. रात्रपाळीला मिरची भजी आणि चहा, चहा आणि मिरची भजी. भूक न्हाई काय न्हाई, मागाचा आवाज थांबला की तोंड चालू. सोबतचा एक गडी चर्चला जातो, तो खायच्या आधी डोळे मिटतोय. आधी हसायचो. मग मीबी मिटाय लागलो, गणपतीचं नाव घेऊन. डोळे उघडले की दोन भजी कमी खातोय बगा. कशानं ते देवाला ठाऊक.

कॅम्पातली
चालतं की अण्णा, का नाही चालणार.

रात्रपाळी_सिस्टर
मी हॉस्पिटलवाली सिस्टर, कॉन्व्हेंटवाली नव्हे, गोंधळ नको. वॉर्डात आहे, पटकन लिहिते. शुगरवाल्यांनी नीट वाचा. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना "देवासाठी" जेवण सोडू नका. शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, बरळणं सुरू होतं. दर उपवासकाळात असे पेशंट येतात, आणि एकादशीलाही येतात अण्णा. कॅथलिक नियमातही सक्तीचा उपवास १८ ते ५९ वयाच्यांनाच आहे, तोसुद्धा राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे ह्या दोनच दिवशी, आणि त्यात एक पोटभर जेवण चालतं. आजाऱ्याला माफी आहे. आधी डॉक्टरांना विचारा, मग फादरना. बेल वाजली, येते

पाळकांची_सून
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात राख नाही पण शुक्रवारी उपास-प्रार्थना असते. माझा अनुभव आधी कडू आहे. एका सभेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं "पोट हेच त्यांचं दैवत" ह्यावर तासभर भाषण केलं. बोलताना नजर आम्हा जाड बायकांच्या बाकावर. घरी येऊन रडले आणि त्या रात्री जेवढं खाल्लं तेवढं आयुष्यात खाल्लं नसेल. लाजेनं खाणं वाढतं हो, कमी होत नाही. हे व्यासपीठावरच्या लोकांना कोण सांगणार.

मला वाट सापडली बायबलातल्याच मत्तयच्या चौथ्या अध्यायात. चाळीस दिवसांनंतर येशूला भूक लागली असं तिथं सरळ लिहिलंय. त्याला लागली, मग मला लागली तर पाप कसलं? तेव्हापासून प्रार्थनेत "माझी भूक घालव" म्हणायचं सोडलं. "मला नक्की काय पाहिजे ते दाखव" एवढंच म्हणते. बऱ्याचदा उत्तर जेवण नसतंच. कधी झोप असते, कधी आईला फोन. आणि कधी खरंच भाकरी असते, मग मी बसून, ताटात वाढून घेऊन खाते. उभ्यानं खायचं नाही हा माझा नियम.

खानापूरचा_पोरगा
उभ्यानं खायचं नाही 👌 हे आमच्या आईला दाखवतो. ती सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभीच असती.

पाळकांची_सून
आईला दाखवू नकोस बाबा, ओट्यापाशी जाऊन तू वाढ आणि तिला बसव.

बेंगळुरूत_नोकरी
मूळची निपाणीची. ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस कुणी ऐकलंय? १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्या घेऊन. फी नाही. ख्रिश्चनच पाहिजे असं नाही, देव तुम्हाला समजेल तसा. पहिली पायरी: हे माझ्या एकटीच्या हाताबाहेर गेलंय, हे कबूल करणं. मी ऑनलाइन मीटिंगला बसते, कॅमेरा बंद करून 🙈 कॅम्पातल्या आक्का, तुमच्या फादरनी न सांगता तेच केलं बघा, कुणाला तरी सांगायला लावलं.

आणि भूक नसताना, त्रास होईपर्यंत, लपून, पुन्हा पुन्हा खाणं हा आजार म्हणून नोंदलेला आहे. बिंज इटिंग डिसऑर्डर, अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत २०१३ पासून स्वतंत्रपणे. मी गोळ्या पण घेते आणि बायबल पण वाचते. दोन्ही चालू आहे.

टिळकवाडी_स्टेशन
ते सगळं राहू दे, कुंदा कुठल्या दुकानातला होता?

कॅम्पातली
हे असले लोक धाग्यावर 😂 विचारून सांगते. खव्याचा होता, चांगला लालसर भाजलेला. मुलानं अर्धा संपवला, वाटीभर मी जेवताना घेतला, बसून.

टिळकवाडी_स्टेशन
लालसर म्हंजे बरोबर. पांढरा कुंदा देतात हल्ली, तो कुंदाच नव्हे. आणि गोकाकचा करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) कुणी आणणार असेल तर मलाबी सांगा.

रात्रपाळी_सिस्टर
ह्या माणसाचा शुगर रिपोर्ट मागवा कुणीतरी.

वडगावचा_अण्णा
सूनबाई, ते शुक्रवारचं काय असतंय? बाहेरचा माणूस आला तर बसू देतात काय? भजन म्हणायला येत न्हाई मला. आमच्या गड्याला इचारायला लाज वाटती.

पाळकांची_सून
या की अण्णा. संध्याकाळी साडेसहाला. मागं बसा, म्हणू नका काही, कुणी विचारणार नाही. संपल्यावर चहा असतो. पूर्वी पुलावची पातेली यायची, त्यावरून आमच्यात वर्षभर वाद चालू आहे, सध्या चहा जिंकलाय. गड्याला सांगूनच या, एकाच गाडीवर येता येईल.

वडगावचा_अण्णा
ह्या शुक्रवारी दुसरी पाळी हाय. पुढच्याला बगतो.