अनुभव धागा : सरकारी नोकरीत खरंच काय लागते?

जुना बाबू:
राजेहो, मी 1998 ला नागपूरच्या सिव्हिल लाईन्समधल्या एका ऑफिसात क्लर्क लागलो तेव्हा मराठी टायपिंग 30 चं सर्टिफिकेट अन् अक्षर चांगलं, एवढ्यात भागत होतं. मंग एमएससीआयटी आलं, ई-ऑफिस आलं, आता आयगॉट कर्मयोगी म्हणजे सरकारी ऑनलाइन ट्रेनिंगचे कोर्स करून राहिलो. परवा नवीन पोरगा विचारते, काका खरं काय शिकू? मले सुचलंच नाही. तुम्ही लिहा, भाषण नको, घडलेलं लिहा.

तर्रीपोहा:
पोस्टमन आहे. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले घरी जाऊन करतो. महाल भागातल्या एका आजीची बोटं एवढी घासलेली की मशीन चार वेळा नाही म्हणे. मंग चेहऱ्यावरून करू म्हटलं, तर ॲपले डोळे मिचकावलेले पाहिजे, अन् आजी डोळे मिटून हात जोडून बसे 😀 शेवटी नातवाले माझ्यामागं उभं केलं, तो डोळे मिचकावे, आजी हसत हसत तसंच करे. झाला दाखला.

कळमेश्वरची तलाठी:
(आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात कोणी म्हणत नाही.) एक काका फेरफारासाठी (सातबाऱ्यावरची नोंद बदलायला) दर दोन दिवसांनी तालुक्याला चकरा मारायचे, एसटीचं भाडं, वावरातलं काम बुडे ते वेगळं, आणि दरवेळी त्यांना एकच उत्तर मिळायचं, नाही झालं. अहो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, त्याआधी होणारच कसं? हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर तारीख लिहून देते, या तारखेआधी येऊ नका म्हणून. ई-पीक पाहणीलाही (शेतकऱ्यानं मोबाइलवर पीक नोंदवायचं) हेच, ॲपपेक्षा समजावण्यातच दिवस जातो.

वर्धा रोड:
मी खिडकीच्या बाहेरचा. लेकीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. भिंतीवर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड, किती दिवसात काय मिळणार सगळं लिहून, अन् खाली बसलेला माणूस मान वर न करता म्हणे लिंक नाही. तीन चकरा. उशीर केला तर 500 ते 5000 दंड आहे म्हणे, पण ॲडमिशनच्या घाईत अपील कोण करते बावा. तिसऱ्यांदा दुसऱ्या मॅडम होत्या, कागद पाहिले अन् म्हणाल्या, दादा एक सही राहिली. दोन मिनिटं!

जुना बाबू:
तलाठी मॅडम, चिठ्ठीचं उद्यापासून सुरू करतो. पोराले वाचून दाखवलं तर म्हणे, काका तुमचं अक्षर चांगलं आहे, चिठ्ठ्या तुम्हीच लिहा.