चेकपॉइंटला मराठीत काय म्हणाल?

अनुजा_प: पेशीविभाजनावर बारावीच्या पोरांसाठी लेख करतेय, चेकपॉइंटपाशी अडलंय. मी 'तपासणी नाका' लिहिलं तर संपादक म्हणतात 'नियंत्रणबिंदू' करा. वाक्य असं आहे, सगळी गुणसूत्रं तुर्कतंतूंना (त्यांना दोन टोकांकडे ओढणारे धागे) जोडली जाईपर्यंत पेशी पुढे सरकत नाही, एक जरी सुटं असलं तरी थांबते.

घाटावरचा: नाकाच बरा. बिंदू काय, भूमिती आहे का?

मृण्मय: नाका म्हटलं की जागा आली, इथे जागा नाहीये. सुट्या गुणसूत्राकडून सिग्नल येत राहतो म्हणून एपीसी नावाचं प्रथिनांचं कॉम्प्लेक्स दबलेलं असतं, शेवटचं जोडलं गेलं की ते मोकळं होतं आणि सिक्युरिन नि सायक्लिन-बी या दोन्ही प्रथिनांवर युबिक्विटिनचा, म्हणजे 'हे मोडीत काढा' असा शिक्का मारतं, मग प्रोटिएसोम हे पेशीतलं मोडयंत्र त्यांचे तुकडे करतं. सिक्युरिन गेलं की गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, सायक्लिन गेलं की विभाजन आटोपतं. 'खोळंबा' म्हणा सरळ.

घाटावरचा: खोळंबा मध्य रेल्वेचा असतो 😀

जुना शब्दवेडा: आधी सायक्लिनला 'चक्रीन' म्हणा. साठतं, नाहीसं होतं, परत साठतं, चक्रच की.

मृण्मय: काका, शास्त्रज्ञ टिम हंटना १९८२ मध्ये अमेरिकेत वुड्स होलच्या प्रयोगशाळेत समुद्री अर्चिनच्या अंड्यांत ते दिसलं. प्रथिनं वेगळी करायच्या जेलवरचा एक पट्टा गडद होत जायचा नि अंडं दुभंगायच्या सुमारास गायब. आणि नाव सायकलिंगच्या नादातून ठेवलं असं ते स्वतःच सांगतात. मग 'दुचाकीन' करू का?

जुना शब्दवेडा: करा थट्टा. अशानेच भाषा जाते.

रेवा: शास्त्रज्ञ पॉल नर्सनी एडिनबरात यीस्टचा म्युटंट (जनुक बिघडलेला वाण) पकडला, वेळेआधीच दुभंगून बारका राहणारा, तर नाव काय ठेवलं, 'वी', तिथल्या बोलीत इवलंसं. त्या जनुकाचं प्रथिन सीडीकेला, म्हणजे विभाजन सुरू करणाऱ्या विकराला, फॉस्फेट लावून दाबून ठेवतं, तेच बिघडलं की घाई होते. आपण 'लघुकाय-१' ठेवलं असतं.

घाटावरचा: बाकी तुर्कतंतूतला तुर्क कोण? मला शाळेत वाटायचं शोध इस्तंबूलला लागला.

जुना शब्दवेडा: अहो ते तर्कु, संस्कृत, म्हणजे चाती. मूळ तर्कुतंतू, कुणीतरी उकार पुढे ढकलला. टकळीही त्याचंच लेकरू असणार.

रेवा: बडबड्या माणसाची टकळी चालू झाली म्हणतात ती हीच? पण टकळीला आवाज कुठे असतो? आजीची मी पाहिलीय, पितळी चकतीची, गप फिरते.

मृण्मय: आवाजाचं नाही ते, थांबत नाही म्हणून.

घाटावरचा: असतो आवाज. आमची आई करवंटीत टेकवून फिरवायची, चांगली घरघर यायची.

अनुजा_प: अहो माझा चेकपॉइंट? उद्या द्यायचाय लेख.

जुना शब्दवेडा: करवंटीत नव्हे, वाटीत. करवंटीत टोक रुततं.

घाटावरचा: काका, तुम्ही कातलंय का कधी?