भांडण न करता वेगळे झालेले आई-बाबा : तुमचे अनुभव लिहा

घटस्फोट म्हटला की आपल्याकडे दोनच गोष्टी विचारल्या जातात: कारण काय आणि पोटगी किती. पुढे मुलांचं कसं चालवता, हे क्वचितच कोणी विचारतं. परवा ओळखीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, आमचं ठरलंय, भांडणही नाहीये. पण आता नेमकं काय-काय बघायचं असतं, ते सांगणारं कोणी नाही." तिच्यासाठी आणि तिच्यासारख्यांसाठी, ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहावं. उणीदुणी नकोत. काय ठरवलं, काय टिकलं, काय बदलावं लागलं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते.

आमचा अर्ज पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, परस्पर संमतीचा. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबून दोघांनी पुन्हा 'हो' म्हणायचं असतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. वकीलबाई म्हणाल्या, तसा अर्ज करू या. आम्ही थांबायचं ठरवलं, कारण कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटींमध्ये, मुलीबद्दल एकच ओळ होती: वडिलांना वाजवी भेट मिळेल. एवढ्यावर अख्खं बालपण कसं निघणार?

मग दर रविवारी दोघं एका उडप्याच्या हॉटेलात वही घेऊन बसायचो. शनिवारी किती वाजता न्यायचं आणि सोडायला कोणी यायचं. गणपती त्यांच्याकडे दीड दिवसांचा, म्हणून ते दोन दिवस तिकडे. लक्ष्मीपूजन माझ्याकडे, पाडवा आणि भाऊबीज तिकडे, तिथे चुलतभाऊ आहेत. ताप आला तर रजा आळीपाळीने. पासपोर्टच्या कागदावर सही कोणी अडवायची नाही. शिक्षणाची एफडी दोघांच्या नावावर, एकट्याच्या सहीने मोडता येणार नाही अशी. दहावीनंतर तिला घेऊन पुन्हा बसायचं. वकीलबाईंनी ते सगळं मसुद्यात घातलं.

मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती तेव्हा पहिलीत होती. आम्ही मोठमोठ्या उत्तरांची तयारी केली होती. तिने विचारलं, "माझी सायकल कुठल्या घरी राहणार?" सायकल बाबांच्या सोसायटीत ठेवली, तिथे फिरवायला जागा आहे. युनिफॉर्म, टूथब्रश आणि रात्रीचे कपडे दोन्हीकडे. दप्तर तेवढं एकच, ते तिच्याबरोबर फिरतं.

एक बाबा, भोसरी

आमचं सुरुवातीला आपसांत नव्हतं. केस चालली, तारखा पडल्या. मुलाला भेटायचं ते कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत, बाहेर बाकावर दोन्हीकडचे नातेवाईक. तो खेळण्यांकडे बघायचा, माझ्याकडे नाही.

कोर्टातल्या विवाह समुपदेशक बाईंनी आम्हाला वेगवेगळं बसवून मुलाच्या आठवड्याचं वेळापत्रक लिहायला लावलं. कधी उठतो, शाळेतून कोण आणतं, संध्याकाळी कोण असतं. मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. गुरुवारी तिला ऑफिसातून यायला हमखास उशीर आणि आमच्याकडे एमआयडीसीत सुट्टीच गुरुवारची! आम्ही मात्र रविवारवरून भांडत होतो, जेव्हा माझी शिफ्ट असायची. गुरुवारी शाळेतून मी आणायला लागलो आणि काही महिन्यांत केस संमतीच्या अर्जात बदलून घेतली. माझा सल्ला एवढाच: समुपदेशनाची तारीख फॉर्मॅलिटी समजून उरकू नका.

एक आजी, सांगली

मी मुलाची आई. मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही, पण ती मला अजून आईच म्हणते. नातवाच्या मुंजीत प्रश्न आला की विधींना बसायचं कोणी. भावकीत कुजबुज सुरू झाली. मी गुरुजींना आधीच घरी बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. विधींना माझा धाकटा आणि त्याची बायको बसली, पण मातृभोजनाला मात्र त्याची आईच. तिने घास भरवला तेव्हा माझा मुलगा शेजारी उभा राहून वाढत होता. नातेवाइकांना काय वाटेल, याची काळजी घरातल्या मोठ्या माणसांनी आपल्या अंगावर घ्यावी. पोरांवर ती टाकू नये.

धागा सुरू करणारी

आजी, मनापासून नमस्कार. एक गोष्ट मध्येच लिहिते, कारण दोन जणींनी वेगळं कळवून विचारलं. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे 'सामंजस्याने घ्या' हा सल्ला कोणी देऊ नये आणि कोणी ऐकू नये. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आधी सुरक्षितता, वहीतलं वेळापत्रक नंतर.

एक आई, न्यू जर्सी

इथे आमच्यातला सगळ्यात नाजूक मुद्दा होता मुलांना भारतात नेण्याचा. एका पालकाने परदेशी नेऊन ठेवलेली मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे एका पालकाने मुलं तिकडेच ठेवून घेतली, तर परत आणणं फार कठीण जातं. मुलांच्या बाबाला त्याच्या वकिलाने प्रवासाला सरळ हरकत घ्यायला सांगितली. मला राग आला, पण त्याची भीतीही खरी होती. मार्ग असा काढला: परतीचं तिकीट आधी त्याला पाठवायचं, कुठे राहणार ते पत्ते द्यायचे, रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, आणि ठाण्यातला एक आठवडा मुलं त्याच्या आई-वडिलांकडे. शेवटचं कलम मी सुचवलं. मुलांना दोन्ही आज्यांच्या हातची भाकरी माहीत आहे, याचं मला फार समाधान आहे.

वास्कोहून

पैशांबद्दल थोडंसं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. फ्लॅट कोणाच्या नावावर, हा वाद त्यामुळे आमच्यात झालाच नाही. हिशेब लवकर मिटला की मुलांबद्दल शांतपणे बोलता येतं, हे मी स्वतः पाहिलंय.

एक मुलगी, वय २६, मुंबई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आई-बाबा वेगळे झाले तेव्हा मी पाचवीत होते. त्यांनी एक नियम शेवटपर्यंत पाळला: माझ्यामार्फत निरोप नाही. फी, क्लास, डॉक्टर, जे असेल ते थेट एकमेकांना. माझ्या मैत्रिणीला मात्र "तुझ्या बाबांना सांग, पैसे आले नाहीत" हे दर महिन्याला पोचवावं लागायचं. पंचवीस तारीख उलटली की तिचा चेहरा उतरायचा. बाबांकडून आल्यावर आई एकच विचारायची, "जेवलीस का?" तिकडे कोण आलं होतं, नवीन काय घेतलं, कधीच नाही. त्यामुळे मला दोन्ही घरी खोटं बोलावं लागलं नाही.

आता माझं लग्न ठरलंय. पत्रिकेवर आई आणि बाबा दोघांची नावं घालायची आहेत. बाबांनी दुसरं लग्न केलंय आणि त्या मावशींनीही माझं खूप केलंय, त्यांचंही नाव हवंय. आईला चालणार आहे, बाबांच्या काकांना नाही. मजकूर कसा लिहावा, कोणी असं केलं असेल तर जरूर सांगा. पुढच्या आठवड्यात छापायला द्यायची आहे.